टॅबची स्क्रीन बंद झाली की मेसेज थांबतात: एमआययूआयवरून हायपरओएसवर गेल्यानंतर परत परत येणारा त्रास

तक्रार ठरलेली असते. शाओमीचा टॅब एमआययूआय या जुन्या प्रणालीवरून हायपरओएस या नव्या प्रणालीवर गेला आणि तेव्हापासून स्क्रीन चालू असेपर्यंतच मेसेज येतात. टॅब टेबलावर ठेवला की सामसूम. दीड तासानं पॉवर बटण दाबलं की वीस-पंचवीस नोटिफिकेशन एकदम कोसळतात, आणि त्यातला ‘पाच मिनिटांत कॉल करतोस का?’ हा मेसेज केव्हाच शिळा झालेला असतो. कुणी सांगितलं म्हणून एखादं सेटिंग बदलावं, दोन दिवस बरं चालावं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

परत परत येण्यामागं एक चक्र आहे, ते आधी ओळखायला हवं. मेसेज येत नाहीत म्हणून वैतागून माणूस दिसेल त्या ॲपला सगळ्या परवानग्या देऊन टाकतो. तीस-चाळीस ॲप रात्रभर जागी राहतात आणि सकाळी बॅटरी निम्म्यावर आलेली असते. मग बॅटरी सेव्हर लावला जातो. तो सगळ्यांना पुन्हा झोपवतो आणि मेसेज पुन्हा थांबतात. म्हणून खालचं सगळं एकाच बेतानं करायचं आहे: चार-पाच कामाची ॲप निवडायची, त्यांच्या वाटेतला प्रत्येक दरवाजा पूर्ण उघडायचा आणि बाकीच्या ॲपना हातही लावायचा नाही.

आधी कळू द्या की टॅबवर नक्की काय आहे

हायपरओएस शाओमीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०१० पासून चालत आलेल्या एमआययूआयची जागा त्यानं घेतली. नाव नवं असलं तरी टॅबवर त्याच्या तळाशी अँड्रॉइडच आहे. कुठलं अँड्रॉइड, हे मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं. शाओमीचा पॅड ६ हा टॅब एमआययूआय १४ आणि अँड्रॉइड १३ घेऊन आला आणि हायपरओएसबरोबर अँड्रॉइड १४ वर गेला. पॅड ५ लाही हायपरओएस मिळालं, पण ते अँड्रॉइड १३ वरच. म्हणजे दोघांच्या पडद्यावर एकच नाव, पण नियम वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला का लागू पडला नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथंच सापडतं.

‘सेटिंग्ज’मध्ये ‘अबाउट टॅब्लेट’ उघडा. आवृत्तीच्या आकड्यांनंतर रोमन लिपीतल्या सात अक्षरांचा एक गट दिसेल. पहिलं अक्षर अँड्रॉइडचं: ‘टी’ म्हणजे १३, ‘यू’ म्हणजे १४, ‘व्ही’ म्हणजे १५. पुढची दोन अक्षरं मॉडेलची. पॅड ६ ची ‘एमझेड’. त्यानंतरची दोन प्रदेशाची: ‘आयएन’ भारत, ‘एमआय’ जागतिक, ‘ईयू’ युरोप, ‘सीएन’ चीन.

इथं ‘सीएन’ दिसलं तर थांबा. चिनी आवृत्तीत गूगलच्या मूळ सेवा वेगळ्या चालू कराव्या लागतात. ‘अकाउंट्स अँड सिंक’मध्ये त्याचं बटण असतं. गूगलच्या सेवा बंद असतील, तर त्यांच्यामार्फत येणारं एकही नोटिफिकेशन वेळेवर पोचणार नाही, मग खाली लिहिलेलं सगळं केलं तरी.

फोनवर ठीक, टॅबवरच का?

बहुतेक जण या प्रश्नाशी येऊन अडतात: तेच ॲप, तेच खातं, फोनवर मेसेज लगेच येतो आणि टॅबवर नाही. याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही टॅबच्या वापरात दडलेली आहेत.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘डोझ’ नावाची सोय आहे. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद आणि उपकरण हलत नाही, अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या की काही वेळानं ते गाढ झोपेत जातं. ॲपचं नेटवर्क बंद होतं, सिंक, म्हणजे सर्व्हरशी माहितीची देवाणघेवाण, थांबतं, साधे अलार्म पुढं ढकलले जातात. मधूनमधून थोड्या वेळापुरती खिडकी उघडते, साठलेली कामं उरकली जातात, पुन्हा झोप. आणि उपकरण जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. फोन खिशात हलतो, त्यामुळं गाढ झोप सारखी मोडते. टॅब मात्र स्टँडवर किंवा टेबलावर तासन्‌तास निश्चल असतो. डोझला याहून सोयीचं काही नाही.

दुसरं कारण वाय-फाय. बरेचसे टॅब सिमशिवायचे असतात. फोनचं वाय-फाय डळमळलं तर मोबाइल डेटा सांभाळून घेतो. टॅबला दुसरी वाटच नाही.

डोझमधूनही मेसेज येऊ शकतो. गूगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग ही सेवा सगळ्या ॲपसाठी मिळून एकच जोडणी उघडी ठेवते, आणि ॲपच्या सर्व्हरनं मेसेजला उच्च प्राधान्य दिलं असेल तर तो झोपलेल्या टॅबलाही उठवतो. मेसेजिंग ॲप हेच करतात. साधं प्राधान्य असलेले मेसेज, म्हणजे बातम्या, सवलती, बरीचशी ईमेल, पुढची खिडकी उघडेपर्यंत थांबून राहतात. ते उशिरा आले तर तो बिघाड नाही. त्यामागं लागू नका.

एका चाचणीत दोष कुठं आहे ते कळतं

सेटिंग्ज बदलण्याआधी ही चाचणी करा, नाहीतर अंधारात दगड मारल्यासारखं होईल. टॅबचा चार्जर काढा, स्क्रीन बंद करा आणि सव्वा तास त्याला स्पर्शही करू नका. चार्जर लावलेला असेल तर डोझ लागतच नाही आणि चाचणी फुकट जाते. मग दुसऱ्या उपकरणावरून त्या ॲपवर मेसेज पाठवा आणि पाच मिनिटं थांबा.

मेसेज लगेच वाजला, तर ते ॲप ठीक आहे.

वाजला नाही, पण पॉवर बटण दाबून स्क्रीन उजळताच पाच-दहा सेकंदांत आला, तर ॲप जिवंत आहे आणि अडचण जोडणीची आहे. राउटरचा भाग आधी वाचा.

स्क्रीन उजळली, कुलूप उघडलं, तरी काही नाही, आणि ॲप उघडल्यावरच मेसेज दिसला, तर सिस्टिमनं ॲप पार बंद करून टाकलेलं आहे. हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

आणि चौथा प्रकार: वरून पट्टी खाली ओढली की नोटिफिकेशन तिथं आहे, फक्त आवाज झाला नाही किंवा लॉक स्क्रीनवर दिसलं नाही. इथं बॅटरीचा काही संबंध नाही. ‘सेटिंग्ज’मधल्या नोटिफिकेशनच्या यादीत त्या ॲपवर जा. लॉक स्क्रीनवर दाखवणं, तरंगती पट्टी आणि आवाज यांची बटणं वेगवेगळी असतात आणि नव्यानं टाकलेल्या ॲपसाठी त्यांतली काही मुळात बंदच असतात. ती चालू केली की काम संपलं.

ॲप बंद पडत असेल तर: दरवाजे, याच क्रमानं

१. ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘मॅनेज ॲप्स’, आणि तिथं हवं ते ॲप. आधी नोटिफिकेशनची परवानगी बघा. अँड्रॉइड १३ पासून ही वेगळी परवानगी झाली आहे, आणि ॲपनं विचारल्यावर दोनदा ‘नाही’ म्हटलं की ते पुन्हा विचारतच नाही. घाईत दोनदा नकार दाबला गेला असेल तर ॲप कायमचं गप्प होतं आणि कारण लक्षात येत नाही.

२. त्याच पानावर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा. काही आवृत्त्यांत त्याचं नाव ‘बॅकग्राउंड ऑटोस्टार्ट’ आहे. हे शाओमीचं स्वतःचं कुलूप आहे, मूळ अँड्रॉइडमध्ये असं बटण नाही. ते बंद असताना अलीकडची ॲप पुसून टाकली, म्हणजे खालच्या फुलीवर बोट ठेवलं, तर ॲप इतकं पक्कं बंद होतं की बाहेरून आलेला मेसेजही त्याला उठवू शकत नाही. तुम्ही स्वतः उघडेपर्यंत ते मेल्यासारखं पडून राहतं. चाचणीतला तिसरा प्रकार बहुतेक वेळा यातूनच येतो.

३. पुन्हा तेच पान, ‘बॅटरी सेव्हर’. मूळ निवड ‘बॅटरी सेव्हर’ अशीच असते आणि पुढं ‘शिफारस केलेली’ लिहिलेलं असतं. तुमच्या चार-पाच ॲपसाठी ती ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा. ऑटोस्टार्ट चालू पण बॅटरी मूळ निवडीवर, असा अर्धवट जोड बऱ्याच टॅबवर सापडतो, आणि ‘दोन दिवस चाललं, मग बंद पडलं’ ही तक्रार तिथूनच येते. पहिलं बटण ॲपला उठू देतं, दुसरं त्याला जागं राहू देतं. दोन्ही लागतात.

४. याच पानावर तळाशी, न वापरल्यास ॲपचं काम थांबवणारं ‘पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ हे बटण. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड काढून घेतं आणि नोटिफिकेशन थांबवतं. फोनवर याची झळ क्वचित लागते. टॅबवर मात्र एखादं ॲप फक्त सूचना वाचण्यापुरतं ठेवलेलं असतं, महिनोन्‌महिने उघडलं जात नाही, आणि एक दिवस गुपचूप झोपी जातं. निवडलेल्या ॲपसाठी हे बंद करा.

५. अलीकडच्या ॲपच्या पडद्यावर जा, ॲपच्या कार्डवर बोट दाबून धरा आणि कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारा. आता सगळं पुसलं तरी हे ॲप राहील. चारच्या वर ॲपना असं कुलूप लावू नका. मेमरी अडकून पडते आणि मग टॅब इतर ॲपवर कुऱ्हाड चालवतो.

६. आता ॲपच्या पानातून बाहेर या आणि ‘सेटिंग्ज’मधल्या ‘बॅटरी’त जा. संपूर्ण टॅबसाठीचा बॅटरी सेव्हर बंद आहे ना, आणि त्याचं वेळापत्रक लावलेलं नाही ना, हे पाहा. रात्री अकराला आपोआप लागणारं वेळापत्रक एकदा लावून विसरलं जातं, आणि मग ‘फक्त रात्रीच मेसेज येत नाहीत’ असं कोडं पडतं. इथंच गिअरच्या चिन्हामागं, टॅब लॉक झाल्यावर मेमरी साफ करण्याचं सेटिंग असतं. त्यावर ‘नेव्हर’ निवडा. पाच किंवा दहा मिनिटं असं काही असेल, तर वर केलेली मेहनत दर वेळी तिथं पुसली जाते.

आठवण करून देणाऱ्या ॲपसाठी एक जास्तीची पायरी आहे. अँड्रॉइड १४ वर नव्यानं टाकलेल्या बऱ्याच ॲपना ठरलेल्या क्षणी वाजण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. घड्याळाचा अलार्म वाजतो, पण औषधाची आठवण वीस मिनिटं उशिरा येते, ती यामुळं. ‘सेटिंग्ज’च्या शोधपट्टीत ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ टाइप करा आणि त्या ॲपला परवानगी द्या. अँड्रॉइड १३ वरून अपडेट होऊन आलेल्या ॲपची आधीची परवानगी तशीच राहते, म्हणून जुनं ॲप ठीक आणि काढून पुन्हा टाकलेलं तेच ॲप बिघडलेलं, असा विचित्र प्रकार दिसतो.

ॲप काढून पुन्हा टाकणार असाल तर क्रम चुकवू नका. पुन्हा टाकताच ऑटोस्टार्ट आणि बॅटरी दोन्ही मूळ जागी जातात. आधी ॲप टाका, एकदा उघडून लॉग-इन करा, म्हणजे मेसेजच्या सेवेकडं त्याची नव्यानं नोंद होईल, आणि त्यानंतर वरच्या पायऱ्या करा. मोठं सिस्टिम अपडेट आल्यावरही त्या चार-पाच ॲपची पानं एकदा उघडून बघावीत. पाच मिनिटांचं काम आहे.

राउटरकडं बोट कधी दाखवायचं

चाचणीत स्क्रीन उजळताच मेसेज आले असतील, तर टॅब एक दिवस फोनच्या हॉटस्पॉटवर ठेवा. तिथं मेसेज वेळेवर येऊ लागले तर टॅबमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

मेसेजच्या सेवेची जोडणी ५२२८, ५२२९ आणि ५२३० या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या वाटांवरून, जाते. ती दिवसभर उघडी असते, पण तिच्यावरून फारसं काही वाहत नाही. काही राउटर आणि फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा गाळणारी यंत्रणा) अशी शांत जोडणी थोड्याच वेळात मेलेली समजून आपल्या नोंदवहीतून काढून टाकतात. टॅबला याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी जोडणी चालूच आहे. पुढच्या वेळी तो स्वतः काही पाठवायला जातो तेव्हा त्याला कळतं आणि नवी जोडणी होते. स्क्रीन उजळताच मेसेजांचा लोंढा येतो तो यामुळं. राउटरमध्ये अशा (‘टीसीपी’) जोडणीची मुदत बदलता येत असेल, तर ती ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त ठेवा. सेकंदांत विचारत असेल तर १८००. वसतिगृह, शाळा, कचेरी अशा ठिकाणच्या नेटवर्कवर ही पोर्ट सरसकट बंदही असू शकतात. मग ती उघडायला नेटवर्क सांभाळणाऱ्यालाच सांगावं लागेल.

टॅबवर व्हीपीएन (सगळं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) असेल किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ या सेटिंगमध्ये जाहिराती अडवणारा पत्ता घातलेला असेल, तर चाचणीपुरता तो काढून बघा.

अपडेटनंतरचे पहिले दोन दिवस काही ठरवू नका

नवी आवृत्ती बसली की टॅब प्रत्येक ॲपचा कोड नव्यानं तयार करायला घेतो. हे काम तो शक्यतो चार्जिंगला लावलेला आणि वापरात नसताना करतो. तोपर्यंत ॲप उघडायला वेळ लागतो, पाठ गरम होते, बॅटरी भराभर उतरते. दोन रात्री चार्जर लावून, वाय-फाय चालू ठेवून टॅब पडू द्या. तेवढ्यात प्ले स्टोअरमधून सगळी ॲप अपडेट करा, विशेषतः ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ आणि ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’. त्यानंतरची चाचणीच खरी.

या दोन दिवसांत एक सल्ला हमखास मिळतो: रिकव्हरीत, म्हणजे टॅब सुरू होण्याआधीच्या दुरुस्तीच्या पडद्यावर, जाऊन कॅशे (तात्पुरत्या फायली) पुसा. पॅड ६ सारख्या टॅबवर हा सल्ला घातक आहे. जुन्या उपकरणांत कॅशेचा वेगळा कप्पा असायचा. या टॅबच्या रचनेत तो नाही. पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरून रिकव्हरी उघडली की तिथं रीबूट, डेटा पुसणं आणि संगणकाशी जोडणं, एवढंच दिसतं. ‘कॅशे म्हणजे हेच असणार’ असं समजून ‘वाइप डेटा’ निवडलं की फोटो, नोट्स, सगळं जातं, आणि ते परत आणता येत नाही. रिकव्हरीत चुकून गेलात तर ‘रीबूट’ निवडा आणि बाहेर या.

बॅटरीचा हिशेब, म्हणजे चक्र पुन्हा सुरू होणार नाही

दरवाजे उघडल्यावर बॅटरीवर किती भार पडला हे मोजा. अंदाजावर जाऊ नका. रात्री झोपताना चार्जर काढा, टक्के लिहून ठेवा, वाय-फाय चालू राहू द्या. आठ तासांनी पुन्हा बघा. पॅड ६ च्या ८८४० एमएएच बॅटरीवर चार-पाच ॲप मोकळी असताना तीन-चार टक्के उतरले तर ठीक. दहाच्या वर गेले तर ‘बॅटरी’तल्या वापराच्या यादीत पहिली तीन नावं बघा. तिथं खेळ, खरेदी किंवा बातम्यांचं ॲप असेल तर त्याचं ऑटोस्टार्ट बंद करा आणि बॅटरीची निवड मूळ जागी न्या. मेसेजिंगचंच ॲप वर असेल तर त्याचं रात्रीचं बॅकअप त्याच वेळी चालतं का ते पाहा. पूर्ण टॅबचा बॅटरी सेव्हर मात्र यावरचा उपाय म्हणून लावू नका. त्यानं दोषी ॲपबरोबर तुमची निवडलेली ॲपही झोपतात.

गाणी मध्येच थांबणं आणि डाउनलोड तुटणं हीदेखील याच आजाराची रूपं आहेत. गाण्याच्या ॲपला ऑटोस्टार्टची गरज नाही, ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ पुरतं. मोठं डाउनलोड असेल तर ब्राउझरला तीच निवड द्या आणि टॅब चार्जरला लावून ठेवा.

इतकं करूनही

सगळे दरवाजे उघडले, हॉटस्पॉटवरही तपासलं, दोन रात्री दिल्या, तरी सगळ्याच ॲपचे मेसेज अडत असतील, तर फॅक्टरी रीसेटचा विचार करा. एकाच ॲपसाठी तो करू नका. रीसेटआधी गूगल आणि शाओमी दोन्ही खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावर टाकून खात्री करून घ्या. रीसेटनंतर टॅब तेच मागू शकतो. फोटो आणि फायली बाहेर काढा. चार्ज निम्म्याच्या वर असू द्या. रीसेटनंतर फोटो-फायली परत आणा, पण ॲप प्ले स्टोअरमधून नव्यानं घ्या, आणि जुन्या बॅकअपमधली सिस्टिम सेटिंग्ज परत आणू नका. ज्या गाठी सोडवायला रीसेट केला, त्याच पुन्हा आत येतील.

नंतरही तसंच राहिलं तर टॅबमधल्या ‘सर्व्हिसेस अँड फीडबॅक’ या ॲपमधून तक्रार नोंदवा. त्यात आवृत्तीचे पूर्ण आकडे आणि ती सात अक्षरं, ॲपचं नाव आणि आवृत्ती, चाचणीतला कितवा प्रकार दिसला, आणि मेसेज पाठवल्याची व पोचल्याची वेळ, एवढं लिहा. लॉग, म्हणजे टॅबनं ठेवलेल्या कामाच्या नोंदी, जोडायचा पर्याय मेसेज अडल्यावर लगेच वापरा. वेळ गेला की त्या नोंदी पुढच्या नोंदींखाली पुसल्या जातात.